बाळ वळलं, पुढे काय?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

मराठीत एक शब्द आहे, पायाळू. जन्माला येताना जो डोक्यानं न येता पायांनी आला, तो पायाळू. या एका शब्दाभोवती आपल्या खेड्यापाड्यांत किती समजुती गोळा झाल्या आहेत! पायाळू माणसाला जमिनीतलं गुप्तधन दिसतं म्हणतात. आभाळ गडगडायला लागलं की पायाळूनं बाहेर उभं राहू नये, वीज त्याच्याकडे ओढली जाते म्हणतात. आणि कुणाच्या पाठीत उसण भरली की पायाळू माणसाचा पाय पाठीला लावून घ्यायचा, हा उपाय तर अजूनही चालतो. आमच्या घरात दखनी बोलली जायची, सुइणीला आम्ही दाई म्हणायचो. पण पायाळूसाठी आमच्याकडेही हाच मराठी शब्द होता. मोहल्ल्यात कुणाची पाठ धरली की शेजारच्या आळीतल्या एका पायाळू मावशींना बोलावणं जायचं. पाठीला पाय लावताना त्यांनी कधी कुणाची जात विचारली नाही की धर्म विचारला नाही.

मी कवितेचा माणूस, वैद्यकाचा नव्हे. शब्दाचं बोट धरूनच या विषयापर्यंत आलो. या शब्दाचा विचार करताना एक गोष्ट लक्षात आली. पायाळू या शब्दात फक्त जगलेल्यांची नोंद आहे. पायांनी आला, जगला, वाढला, त्याचं कौतुक झालं. जे पायांनी आले आणि वाटेतच अडकले, त्यांच्यासाठी आणि त्यांच्या आयांसाठी लोकभाषेनं एवढंच म्हटलं, ‘बाई अडली.’ पायाळू माणसाला दैवी शक्ती असते असं लोकांना वाटलं, याचं कारण बहुधा हेच असावं. जिथे वाचणं अवघड, तिथे वाचलेला माणूस आपोआप अद्भुत ठरतो.

आज मला या अडलेल्या वाटेचा इतिहास सांगायचा आहे. उलटं बसलेलं बाळ सुलटं करण्याची माणसाची धडपड दोन हजार वर्षांहून जुनी आहे. त्यातली बहुतेक वर्षं हाताला डोळे नव्हते. ते डोळे गेल्या साठ-सत्तर वर्षांत मिळाले, तेही आवाजातून. आणि डोळे मिळाल्यावर कळलं की बाळ वळवून काम संपत नाही. वळलेल्या बाळाकडेही पाहत राहावं लागतं.

आधी मूळ अडचण समजून घेऊ. पोटातलं मूल सारखं फिरत असतं. सातव्या महिन्याच्या आसपास दर पाचांतलं साधारण एक मूल डोकं वर करून बसलेलं असतं. पुढे जागा कमी पडत जाते तशी त्यातली बहुतेक मुलं आपसूक डोकं खाली घेतात. दिवस भरत येतात तेव्हा शंभरात तीन-चारच उलटी उरतात. बाळाच्या शरीराचा सगळ्यात मोठा आणि टणक भाग म्हणजे डोकं. ते आधी आलं तर वाट हळूहळू रुंद होते, डोकंही वाटेप्रमाणे थोडं आकार बदलतं, आणि मागून अंग सहज येतं. पाय किंवा ढुंगण आधी आलं तर मोठा भाग शेवटी येतो. त्याला आकार घ्यायला वेळ मिळत नाही. त्याच वेळी नाळ दाबली जाण्याची भीती असते. म्हणजे अंग बाहेर, डोकं आत, आणि हातात थोडी मिनिटं. जगातल्या सगळ्या सुइणींना ही मिनिटं ठाऊक होती.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत अशा अडलेल्या गर्भाला मूढगर्भ म्हटलं आहे. त्याचे चार प्रकार तिथे सांगितले आहेत : कील, प्रतिखुर, बीजक आणि परिघ. परिघ म्हणजे दाराचा अडसर. आडवं आलेलं मूल दाराला अडसर लावावा तसं वाट अडवतं, म्हणून हे नाव. आपण अजूनही ‘कामात आडवं येऊ नकोस’ असं म्हणतो, तेव्हा जवळपास हेच चित्र डोळ्यांपुढे असतं. ढुंगणाकडून आलेल्या बाळाला वर सारून त्याचे पाय कसे मोकळे करावेत, एकच पाय आला तर दुसरा कसा आणावा, हेही सुश्रुतानं सांगितलं आहे. पण मला थांबायला लावतात ती त्याची दोन विधानं. एक म्हणजे, मूढगर्भ काढण्याइतकं कष्टाचं दुसरं काम नाही, कारण इथे सगळं केवळ स्पर्शानं करावं लागतं. आणि दुसरं, हे काम हाती घेण्यापूर्वी अधिपतीची, म्हणजे धन्याची परवानगी घ्यावी. स्पर्शाची आणि परवानगीची ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे आपण शेवटी पुन्हा येणार आहोत.

हा जुना वारसा आधुनिक वैद्यकापुढे मांडला तो एका मराठी मुलीनं. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियाच्या स्त्री वैद्यकीय महाविद्यालयातून एम.डी. झाल्या. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता, प्राचीन आर्य हिंदूंमधलं प्रसूतिशास्त्र. चौदाव्या वर्षी त्यांना मूल झालं होतं आणि ते अवघ्या दहा दिवसांत गेलं होतं, हे आठवलं की प्रबंधाच्या त्या विषयाकडे निव्वळ विषय म्हणून पाहवत नाही.

पश्चिमेकडेही हीच धडपड चालू होती. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात रोममध्ये सोरानस नावाचा ग्रीक वैद्य होता. आडव्या आलेल्या मुलाला आत हात घालून वळवावं आणि पायांनी ओढून काढावं, असं त्यानं सांगितलं. आठ-नऊशे वर्षांनी स्पेनमधल्या कोर्दोबाजवळ अल-जहरावी हा शल्यवैद्य होऊन गेला. ९३६ चा त्याचा जन्म. युरोप त्याला अबुलकासिस म्हणतो. ‘अल-तसरीफ’ या त्याच्या तीस भागांच्या ग्रंथातला शेवटचा भाग शस्त्रक्रियेवर आहे. बाळ पायांनी, गुडघ्यांनी, हातांनी किंवा आडवं आलं तर सुइणीनं काय करावं, याच्या सूचना त्यात आहेत. पुरुष वैद्य बाळंतिणीच्या खोलीत सहसा जात नसे, म्हणून त्यानं सुइणींना शिकवण्यासाठी लिहिलं. बाराव्या शतकात तोलेदोमध्ये त्याचं लॅटिन भाषांतर झालं आणि पुढची काही शतकं युरोपातले शल्यवैद्य त्यावर शिकले. सोळाव्या शतकाच्या मध्यावर फ्रान्सच्या आंब्रुआझ पारे यांनी सोरानसची पद्धत पुन्हा रूढ केली.

यातली एक गंमत पाहण्यासारखी आहे. सोरानस आणि पारे यांच्या या पद्धतीत आडव्या मुलाला डोक्याकडे नव्हे, पायांकडे वळवत. डोकं गुळगुळीत, त्याला धरणार कसं? पाय हाती लागले की निदान ओढता येतं. म्हणजे कित्येक शतकं शहाण्यातला शहाणा वैद्य अडलेल्या मुलाला मुद्दाम पायाळू करत होता. आत दिसत नाही तेव्हा माणूस जे हाताला लागेल ते धरतो.

या अंधारात पहिला कंदील घेऊन आली ती एक सुईण. युस्टिना झीगेमुंड असं तिचं नाव. १६३६ मध्ये सायलेशियात एका पाद्र्याच्या घरी तिचा जन्म झाला. विशीत असताना सुइणींनी तिला दिवस गेल्याचं सांगितलं, इतकंच नव्हे, तर बाळंतपणाच्या कळा सुरू आहेत म्हणून तिला दिवसेंदिवस कळा द्यायला लावलं. मुळात ती गरोदर नव्हतीच. या छळातून बाहेर पडल्यावर तिनं ठरवलं की हे शास्त्र आपण नीट शिकायचं. तिला स्वतःला मूल झालं नाही, पण ती शेकडो बायांची बाळंतपणं करत बर्लिनच्या दरबाराची सुईण झाली. १६९० मध्ये तिनं जर्मन भाषेत पुस्तक काढलं. दोन सुइणींचे प्रश्न आणि उत्तरं, असं त्याचं रूप आहे. एक हात आत आणि एका हातानं बाळाच्या पायाला बांधलेली फीत धरलेली, अशी बाळ वळवण्याची तिची दुहेरी पकड आजही तिच्या नावानं ओळखली जाते. त्या पुस्तकातली चित्रं तर पाहण्यासारखी आहेत. गर्भाशय उघडं दाखवलेलं, आत वाकडंतिकडं बसलेलं बाळ आणि त्याच्याकडे जाणारा सुइणीचा हात. हाताला जे आत लागतं ते डोळ्यांना कागदावर दिसावं, म्हणून तिनं ती चित्रं काढून घेतली. सोनोग्राफीच्या पडद्याआधी पावणेतीनशे वर्षं हा कागदी पडदा सुइणींपुढे उभा राहिला होता.

आत हात न घालता पोटावरूनच बाळ फिरवता येईल का? हॅम्बुर्गच्या युस्टुस विगांड यांनी १८०७ मध्ये तसं करून त्यावर लिहिलं. पॅरिसच्या आदोल्फ पिनार यांनी १८७८ च्या सुमारास पोट चाचपण्याची आणि बाहेरून बाळ वळवण्याची रीत व्यवस्थित घालून दिली. हे पिनार म्हणजे ज्यांचा कर्णा आजही नर्सताईंच्या पिशवीत सापडतो तेच. नरसाळ्यासारखा लाकडी किंवा अॅल्युमिनियमचा तो कर्णा पोटावर टेकवून बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकतात. ठोके बेंबीच्या वर ऐकू आले तर डोकं वर असावं, खाली आले तर खाली, असा अंदाज बांधतात. तोवर हात आणि कान हीच दोन साधनं होती.

पण अंदाज तो अंदाज. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत डॉक्टर सातव्या-आठव्या महिन्यातच बाळ वळवत, कधी आईला भूल देऊन. वार कुठे चिकटली आहे, पाणी किती आहे, नाळ कशी आहे, यातलं काही दिसत नसे. कधी वार सुटून रक्तस्राव होई, कधी बाळ दगावे. शिवाय इतक्या लवकर वळवलेली कितीतरी बाळं पुन्हा उलटी होत, आणि कितीतरी बाळं न वळवताही वळली असती. त्यामुळे १९७० नंतरच्या दशकात अनेक देशांत ही पद्धत मागे पडू लागली.

मग क्ष-किरण होतेच की, असं कुणी म्हणेल. होते, आणि वापरलेही जात होते. उलट्या बाळाची आणि आईच्या कटीची मापं घेण्यासाठी पोटाचे एक्स-रे काढत. १९५६ मध्ये ऑक्सफर्डच्या डॉ. अॅलिस स्टुअर्ट यांनी त्याला धक्का दिला. कर्करोगानं मुलं गेलेल्या आयांकडे त्यांनी प्रश्नावली घेऊन माणसं पाठवली. इतर मुलांच्या आयांनाही तेच प्रश्न विचारले. पोटात असताना एक्स-रे काढलेल्या मुलांमध्ये कर्करोगाचं प्रमाण दुपटीच्या आसपास दिसलं. वैद्यकाच्या मोठ्या वर्तुळांनी ही गोष्ट मानायला खूप वर्षं घेतली. पण आयांना आठवत होतं. ज्या उजेडात आपण बाळ पाहत होतो तो उजेडच त्याला भाजत होता.

नेमका त्याच सुमाराला दुसरा उजेड सापडत होता, आणि तो आवाजाचा होता. माणसाच्या कानाला ऐकू येणार नाही इतका बारीक सूर पाण्यात सोडायचा आणि आदळून परत आलेल्या प्रतिध्वनीवरून पलीकडे काय आहे ते ओळखायचं, ही युक्ती पहिल्या महायुद्धात पाणबुड्या शोधण्यासाठी पुढे आली. पुढे कारखान्यांत लोखंडाच्या जोडकामातली भेग शोधायला ती वापरली जाऊ लागली. स्कॉटलंडमधल्या ग्लासगोचे प्रसूतितज्ज्ञ प्रा. इयन डोनाल्ड महायुद्धात हवाई दलात होते, त्यांना रडारची ओळख होती. २१ जुलै १९५५ रोजी ते शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठी मोटारीच्या डिकीत घालून रेनफ्र्यूच्या बॉयलर कारखान्यात गेले. तुलनेसाठी तिथे मांसाचा एक तुकडाही ठेवलेला होता. लोखंडाची भेग शोधणाऱ्या यंत्रानं पाण्याची गाठ आणि घट्ट मांसाची गाठ वेगवेगळी ओळखून दाखवली.

टॉम ब्राउन नावाच्या एका तरुण अभियंत्याला हे कळलं आणि त्यानं डोनाल्ड यांना सरळ फोन केला. डॉ. जॉन मॅकव्हिकार सोबत होते. या तिघांचा निबंध ७ जून १९५८ च्या ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. त्याआधी एका बाईच्या पोटातली वाढ हा शस्त्रक्रियेपलीकडे गेलेला कर्करोग आहे, असं निदान झालं होतं. डोनाल्ड यांच्या यंत्रावर ती पाण्याची गाठ दिसली. गाठ काढली आणि बाई वाचली. मग वळण गर्भाकडे आलं. बाळाच्या कवटीच्या दोन्ही बाजूंकडून येणारा प्रतिध्वनी स्पष्ट असतो, त्यामुळे डोकं कुठे आहे आणि केवढं आहे हे कळू लागलं. सुश्रुतानं ज्याला केवळ स्पर्शानं करायचं काम म्हटलं होतं, त्या कामाला डोळे आले.

डोळे आल्यावर हातही परतले. १९७५ मध्ये बर्लिनच्या एरिख झालिंग आणि त्यांच्या सहकाऱ्यानं एक साधा पण मोठा बदल सुचवला. बाळ घाईनं वळवू नका, दिवस भरत येईपर्यंत थांबा, आणि गर्भाशय सैल पडेल असं औषध देऊन मग वळवा. थांबल्यामुळे जी आपणहून वळणार ती वळून जातात. आणि काही बिघडलंच तर बाळ पूर्ण वाढलेलं असतं, लगेच बाहेर काढता येतं. आज ही क्रिया साधारण छत्तिसाव्या-सदतिसाव्या आठवड्यात, जिथे सिझेरियनची सोय आहे अशाच ठिकाणी करतात. आधी सोनोग्राफीत बाळाची पाठ कुठल्या बाजूला, वार कुठे, पाणी किती, ते पाहतात. मग डॉक्टर एका हातानं बाळाचं ढुंगण कटीतून वर उचलतात, दुसऱ्या हातानं डोक्याला रेटा देतात आणि बाळाला कोलांटी मारायला लावतात. नंतर पुन्हा सोनोग्राफी आणि ठोक्यांची नोंद. साधारण निम्म्या वेळा बाळ वळतं. तातडीनं शस्त्रक्रिया करावी लागण्याची वेळ दोनशे जणींत एखादीवर येते.

या क्रियेचं महत्त्व २००० नंतर आणखी वाढलं. त्या वर्षी २६ देशांतल्या २,०८८ स्त्रियांवरचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. उलट्या बाळासाठी आधीच सिझेरियन ठरवलं तर बाळ दगावण्याचं किंवा गंभीर इजा होण्याचं प्रमाण १.६ टक्के, आणि नैसर्गिक बाळंतपण ठरवलं तर ५ टक्के, असं त्यात दिसलं. २००४ मध्ये त्यातल्या काही मुलांची दोन वर्षांची वाढ तपासली तेव्हा दोन्ही गटांत फरक दिसला नाही. पण तोवर जगभर उलटं बाळ म्हणजे सिझेरियन हे समीकरण पक्कं झालं होतं. पायाळू बाळ सुखरूप सोडवणारे हात कमी होत गेले. त्यामुळे शस्त्रक्रिया टाळायची तर बाळ आधीच वळवणं, हाच मुख्य रस्ता उरला.

आता मी आजच्या मुद्द्यावर येतो. समजा, बाळ वळलं. डोकं खाली आलं. घरच्यांनी पेढे मागवले. आई म्हणाली, सुटले बाई एकदाची. इतकी वर्षं वैद्यकालाही असंच वाटत होतं की वळलेलं बाळ हे इतर सुलट्या बाळांसारखंच. पण नोंदी पाहिल्या तेव्हा वेगळं दिसलं. मुळात डोकं खाली असलेल्या बाळांच्या आयांपेक्षा, बाळ वळवून घेतलेल्या आयांना प्रसूतीच्या वेळी सिझेरियन जास्त वेळा लागतं. अशा अनेक अभ्यासांचे आकडे २०१४ मध्ये एकत्र केले गेले, तेव्हा ही शक्यता साधारण दुप्पट निघाली. घाबरून जायचं कारण नाही, कारण तरीही पाचांतल्या साधारण चौघी सिझेरियनशिवाय बाळंत होतात. पण दुप्पट हा फरक नजरेआड करण्याजोगा नाही.

असं का होत असावं? याचं उत्तर एका साध्या प्रश्नात आहे. मुळात ते बाळ उलटं का बसलं होतं? कधी काहीच कारण नसतं. पण कधी आईच्या कटीचा आकार तसा असतो, कधी गर्भाशयाचा. कधी पाणी कमी असतं, कधी वार तशा जागी असते. कधी बाळाचीच वाढ थोडी मागे असते आणि वारेकडून मिळणारा शिधा बेताचा असतो. आपण बाळ वळवतो, कारण वळवत नाही. ते तसंच पोटात राहतं आणि कळा सुरू झाल्या की पुढे येतं.

म्हणून आता सोनोग्राफीला दुसरा प्रश्न विचारला जातो आहे. बाळ वळलं, पण कळा सोसण्याइतकी ताकद त्याच्यात आहे का? त्यासाठी बाळाचं वजन, पाण्याचं प्रमाण, वारेची जागा आणि डोकं कुठे तोंड करून आहे, ते पाहतात. आणखी एक तपासणी डॉप्लरची. जवळ येणाऱ्या आगगाडीची शिट्टी चढी वाटते आणि दूर जाताना उतरते, हे आपण सगळ्यांनी ऐकलं आहे. ख्रिश्चन डॉप्लर यांनी १८४२ मध्ये त्यामागचा नियम सांगितला. याच नियमानं बाळाच्या नाळेतून आणि मेंदूकडच्या रक्तवाहिनीतून रक्त कसं वाहतं ते मोजता येतं. वारेकडून पुरवठा तुटपुंजा झाला की बाळाचं शरीर बाकीच्या अवयवांना थोडं कमी देऊन मेंदूकडे जास्त रक्त पाठवतं. दुष्काळात घरातली बाई आपल्या ताटातली भाकरी लहानग्याच्या ताटात सरकवते, तसंच हे. नाळेतला आणि मेंदूकडचा प्रवाह यांचं गुणोत्तर काढलं की घरात दुष्काळ आहे की नाही याचा अंदाज येतो. ज्या बाळाचं हे गुणोत्तर घसरलेलं असतं, त्याला कळांच्या वेळी त्रास होण्याचा संभव अधिक असतो.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगायलाच हवी. पडद्यावर दिसतं ती शक्यता असते, निकाल नसतो. बाळ वळवल्यानंतरचं बाळंतपण कसं होईल हे छातीठोकपणे सांगणारं एकही माप आज हाती नाही. आणि दिसण्याचाही एक धोका असतो. समजा, बाळाच्या गळ्याभोवती नाळेचा वेढा दिसला. ऐकूनच घरच्यांचं काळीज फाटतं. पण जन्मणाऱ्या दर चार-पाच बाळांपैकी एकाच्या गळ्याला असा वेढा असतो आणि बहुतेक बाळं सुखरूप येतात. दिसलं म्हणून घाबरलो आणि घाबरलो म्हणून कापलं, असं झालं तर डोळे मिळून उपयोग काय?

मग या पाहण्याचा फायदा कोणता? फायदा तयारीचा आहे. बाळंतपण कुठे करायचं हे आधी ठरवता येतं. आपल्याकडे वाडीवस्तीवरून शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळापर्यंतचं अंतर ही बाळंतपणातली सगळ्यात मोठी गुंतागुंत असते. घाट, नाला, पाऊस, मध्यरात्र. ज्या बाईचं बाळ वळवलं आहे तिला आठवा महिना सरताना एवढं कळलं, की आपण दिवस भरण्याआधीच तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावी मावशीकडे, नणंदेकडे जाऊन राहावं, ठोक्यांवर लक्ष ठेवणारी नर्स आणि शस्त्रक्रियेची खोली जवळ असावी, तर एवढ्यानंच एखादी ‘बाई अडली’ हे वाक्य उच्चारायची वेळ टळू शकते.

महाराष्ट्रात सोनोग्राफीबद्दल बोलताना दुसरी बाजू टाळता येत नाही. याच यंत्राला आपण काय विचारलं? बाळ कसं आहे, हे विचारायचं सोडून आपण विचारलं, काय आहे? मुलगा की मुलगी? आधी गर्भजल तपासून आणि मग सोनोग्राफीनं मुली शोधल्या गेल्या आणि पोटातच संपवल्या गेल्या. त्याविरुद्ध देशातला पहिला कायदा १९८८ मध्ये महाराष्ट्रानं केला, १९९४ मध्ये संसदेनं केला. तरी सहा वर्षांखालच्या दर हजार मुलग्यांमागे राज्यात २००१ मध्ये ९१३ मुली होत्या, त्या २०११ मध्ये ८९४ झाल्या. बीड जिल्ह्यात तर ८०७. प्रत्येक सोनोग्राफी केंद्राच्या भिंतीवर इथे लिंगनिदान होत नाही ही पाटी लावावी लागते, ती आपल्याच विचारलेल्या प्रश्नाची आठवण आहे. पाणबुडी शोधणारा आवाज बाळ शोधायला आला. त्यानं अडलेल्या बाळाला वाट दाखवली आणि न अडलेल्या मुलीची वाट अडवली. यंत्र तेच होतं, प्रश्न आपला होता.

म्हणून प्रश्न नीट विचारायला शिकलं पाहिजे. आठवा महिना संपत आला की बाईनं विचारावं, डॉक्टर, बाळाचं डोकं कुठे आहे? वर असेल तर, वळवता येईल का? वळवल्यावर, वाढ, पाणी, वार कशी आहे? बाळंतपण कुठे करणं सुरक्षित? या चार प्रश्नांना वैद्यकाची पदवी लागत नाही. सोबत आलेल्या नवऱ्यानं, सासूबाईंनी, अम्मीजाननं तिला ते विचारू द्यावेत आणि उत्तरं तिलाच ऐकू द्यावीत.

सुश्रुतानं सांगितलं होतं की हे काम स्पर्शानं करावं लागतं आणि आधी अधिपतीची परवानगी घ्यावी लागते. स्पर्शाला आता दृष्टीची जोड मिळाली आहे. बाळ वळवण्याआधी सगळं समजावून सांगून जी संमती घेतात, ती आता त्या बाईची असते. तिला नको असेल तर कुणी तिच्या पोटाला हात लावू शकत नाही. दोन हजार वर्षांत हात तेच राहिले, बाळंही तशीच कोलांट्या मारत राहिली. पण त्या पोटाचा अधिपती कोण, या प्रश्नाचं उत्तर मात्र बदललं आहे, निदान कागदावर तरी. ते घराघरांत बदलायचं काम अजून बाकी आहे.